घरच्या घरी प्लायवूड-इपॉक्सीची छोटी होडी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खाडीकाठची, धरणाजवळची, आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहून गावच्या पाण्याची ओढ असलेली बरीच मंडळी हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहितोय. बोलणं आठ ते अकरा फुटी, वल्ह्यांच्या किंवा छोट्या शिडाच्या होडीबद्दल आहे. मासेमारीच्या मोठ्या बोटीचं गणित वेगळं, ते यात नाही.

मला सुतारकाम येत नाही, तरी जमेल का?

जमेल. परंपरागत होडीत प्रत्येक फळी वाकवून, रंधून शेजारच्या फळीला तंतोतंत बसवावी लागते आणि ते कसब यायला माणसाची उमेदीची वर्षं जातात. इथे पद्धत वेगळी आहे. प्लायवूडचे तुकडे प्लॅनप्रमाणे कापायचे, कडेला भोकं पाडून तारेने एकमेकांना शिवायचे, की होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग आतल्या कोपऱ्यात घट्ट इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारा पक्का चिकट माल) भरायचं आणि वरून फायबरग्लासची पट्टी बसवायची. सांध्यात मिलिमीटर दोन मिलिमीटर फट राहिली तरी बिघडत नाही, ती इपॉक्सी भरून काढतं.

ही पद्धत जगभर पोचली ती 1963 साली इंग्लंडात आलेल्या मिरर डिंगी या छोट्या शिडाच्या होडीमुळे. टीव्हीवर घरकामाचे कार्यक्रम करणारा बॅरी बकनेल आणि होड्यांचा डिझायनर जॅक होल्ट या दोघांनी डेली मिरर पेपरसाठी ती बनवली. साधारण 3.3 मीटर लांब, लाल शिडं, आणि कल्पना अशी की सामान्य नोकरदार माणसाने किट आणून घरी बांधावी. पुढे 70 हजारांच्या वर झाल्या. म्हणजे हे काम साध्या माणसाच्या हातचं आहे हे कधीच सिद्ध झालंय. तुम्हाला लागेल ती चिकाटी आणि नीट मोजायची सवय.

लाकूड आणि फायबर एकत्र, हे समुद्रात टिकतं का?

आपल्या नौदलाची शिडाची नौका आयएनएसव्ही म्हादेई आठवा. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, 56 फुटी, 2009 साली नौदलात आली, आणि तिचं अंग लाकडी गाभ्यावर फायबरग्लासचंच आहे. तिच्यावरून दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीला फेरी मारून 2010 मध्ये मुंबईला परतले, नंतर अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. तिची बांधणी लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेली आहे, आपली प्लायवूड शिवून होते, त्यामुळे दोन्ही अगदी एक नव्हेत. पण तत्त्व तेच: लाकूड ताकद देतं, कापड आणि इपॉक्सी त्याला पाण्यापासून बंद ठेवतं. आपल्याच माणसांनी आपल्याच किनाऱ्यावर हे करून दाखवलंय याचा मला फार अभिमान वाटतो.

डिझाइन कुठलं घेऊ? मनाने काढू का?

मनाने नको. होडी कागदावर छान दिसते आणि पाण्यात एका बाजूला कलते, हे टाळायचं तर तपासलेला प्लॅन घ्या. पहिल्या खेपेला पुढून चपटी, आठ फुटी प्रॅम उत्तम, कारण 8 बाय 4 च्या शीटमध्ये पूर्ण लांबी बसते आणि प्लायला जोड द्यावा लागत नाही. मुलांची ऑप्टिमिस्ट शिडाची होडीसुद्धा, जी क्लार्क मिल्सने 1947 मध्ये फ्लोरिडात काढली, मुळात घरी प्लायमधून बनवता यावी म्हणूनच तशी चौकोनी आहे. टोकदार नाळ (होडीचं पुढचं टोक) हवीच असेल तर दहा-अकरा फुटांवर जा, पण मग प्लायचा जोड आला. तिरका सांधा करायचा तर जाडीच्या आठ पट उतार ठेवायचा, म्हणजे 6 मिलीच्या प्लायला 48 मिली.

प्लायवूड कुठलं? दुकानदार म्हणतो वॉटरप्रूफ आहे.

दुकानदार सगळ्यालाच वॉटरप्रूफ म्हणतो. शीटवर आयएसआय मार्कसोबत आयएस 710 छापलेलं बघा, तो मरीन ग्रेड. आयएस 303 म्हणजे फर्निचरचा माल, कपाटासाठी ठीक. 710 मध्ये डिंक उकळत्या पाण्यात 72 तास टिकला पाहिजे अशी चाचणी असते. घरी एवढं करायची गरज नाही पण एक तुकडा कुकरशिवाय, साध्या पातेल्यात चार-सहा तास उकळा, वाळवा, परत उकळा आणि मग पटाशीने थर सोडवायचा प्रयत्न करा. थर सुटले तर शीट परत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शीटच्या चारही कडा बॅटरीच्या उजेडात बघा. आतल्या थरात पोकळ्या असतील तर मार्क काहीही असो, घेऊ नका, कारण तुम्ही ती वाकवणार आहात आणि पोकळीवरच ती मोडते. 6 मिलीची आठ बाय चारची एक शीट साधारण 12 किलोच्या आसपास भरते, 4 मिलीची आठेक किलो. आठ फुटी होडीला 6 मिली तळाला आणि 4 किंवा 6 बाजूंना, जसं प्लॅन सांगेल तसं. उगाच जाड करू नका, जास्त जाड प्लाय वाकत नाही आणि दोन माणसांना उचलवत नाही.

फायबरवाला स्वस्तात रेझिन देतो, ते चालेल का?

तो देतो ते पॉलिएस्टर. कोकणातल्या फायबरच्या बोटी, पाण्याच्या टाक्या, गाडीचे बंपर सगळं त्यातच होतं आणि त्या कामाला ते योग्यच आहे कारण तिथे सगळी वस्तूच फायबरची असते. लाकडाला मात्र पॉलिएस्टर नीट धरत नाही. लाकूड दमट-कोरडं होताना हलतं, पॉलिएस्टर ठिसूळ, मग एक-दोन पावसाळ्यात थर फुगतो, मागे पाणी साचतं आणि लाकूड आतून कुजतं, बाहेरून होडी चकचकीतच दिसते. मिररच्या सुरुवातीच्या होड्या पॉलिएस्टरनेच जोडल्या होत्या हे खरं, पण तेव्हा इपॉक्सी इतकं हाताशी नव्हतं. आज असताना सांध्यांवर पैसे वाचवू नका. एकूण खर्चात इपॉक्सीचा वाटा मोठाच असणार हे आधीच मनाशी धरा.

फेविकॉल?

नाही. पांढरा डिंक घट्ट बसलेल्या सांध्याला असतो, फट भरत नाही, आणि सतत पाण्यात राहायच्या जागी तर नाहीच.

इपॉक्सीचं प्रमाण कसं ठेवायचं? हार्डनर थोडा जास्त टाकला तर लवकर सुकेल ना?

हा गैरसमज पॉलिएस्टरवरून आलाय, तिथे कॅटॅलिस्ट कमीजास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनचा जोडीदार आहे, दोघं ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांत गुंततात, जास्त टाकलेला हार्डनर तसाच मोकळा राहतो आणि थर कायमचा चिकट किंवा मऊ राहतो. वेग बदलायचा तर हार्डनरचा प्रकार बदला, फास्टच्या जागी स्लो.

आपल्याकडे सहज मिळणारी जोडी म्हणजे अ‍ॅराल्डाइट एलवाय 556 आणि एचवाय 951, किंवा लॅपॉक्स एल-12 आणि के-6. दोन्हींचं प्रमाण वजनाने 100 ला 10 च्या आसपास आहे, तरी आपल्या डब्याची डेटाशीटच खरी मानायची. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. 50 ग्रॅम रेझिनला हार्डनर फक्त 5 ग्रॅम. किचनचा काटा 1 ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, म्हणजे एका ग्रॅमची चूक झाली की हार्डनर 20 टक्क्यांनी चुकला. म्हणून 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, ऑनलाइन सहज मिळतो, आणि त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वापरा. दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या भिंती आणि तळ खरवडून खरवडून. अर्धवट ढवळलेलं इपॉक्सी हे चिकट राहण्याचं दुसरं मोठं कारण. बोटीसाठी म्हणून 2 ला 1 किंवा 3 ला 1 अशा प्रमाणात येणारी रेझिन्स मिळाली तर नवख्याला ती सोपी, कारण चुकायला तेवढी जागा असते.

कपातच धूर यायला लागला!

कप खाली, मोकळ्या जागेत सिमेंटवर ठेवा आणि लांब व्हा, तो धूर हुंगायचा नाही. इपॉक्सी घट्ट होताना स्वतः उष्णता सोडतं, खोल कपात ती बाहेर पडत नाही, मग अजून गरम होतं आणि अजून वेगाने घट्ट होतं, असं चक्र लागतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की कामाचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो, त्यामुळे परदेशी व्हिडिओत जो माणूस निवांत अर्धा तास ब्रश फिरवतोय त्याच्याकडे बघून मे महिन्यात रत्नागिरीत अर्धा किलो कालवायला बसू नका. एका वेळी 100-150 ग्रॅम, आणि ढवळून झालं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं.

कुठल्या महिन्यात काम करू?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कोकणात हवा इतकी ओली असते की लाकूड ओलावा धरून बसतं (लाकडातला ओलावा 12 टक्क्यांच्या आत असायला पाहिजे) आणि इपॉक्सीवर मेणचट, तेलकट असा थर येतो. तो थर हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडून तयार होतो. पुढचा हात त्याच्यावर दिला तर सुटून येतो. उपाय सोपा: साधं पाणी आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, घासून धुवायचं, कोरडं पुसायचं, आणि मगच पॉलिश पेपर. आधी पेपर मारला तर तो मेणचटपणा सगळीकडे पसरतो. देशावर जानेवारीच्या रात्री 10 अंशांपर्यंत उतरतात तेव्हा उलटी अडचण, इपॉक्सी सुकतच नाही, तिथे खोलीत पिवळा बल्ब लावून ऊब ठेवा.

दिवसाची वेळही बघा. कोऱ्या लाकडावर पहिला हात सकाळी दिला की ऊन चढतं, लाकडातली हवा प्रसरण पावते आणि थरभर बारीक बुडबुडे येतात. दुपारी चारच्या सुमाराला, तापमान उतरायला लागल्यावर दिलात तर लाकूड उलट इपॉक्सी आत ओढून घेतं. तोच माल, तोच ब्रश, पण थर काचेसारखा नितळ.

शिवण आणि कोपरे, जरा नीट सांगा ना.

कडेपासून साधारण 10 मिली आत, 10 ते 15 सेंटिमीटरवर भोकं, दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर. तांब्याची तार घ्या, नाहीतर केबल टाय. बांधकामाची बाइंडिंग वायर स्वस्त असते पण तिचा तुकडा आत राहिला तर गंजतो. आधी सगळे टाके सैल बांधा, होडी उभी राहू द्या, मग हळूहळू पिळत आणा.

आता सगळ्यात मोलाची पायरी, जी घाईत सुटते. होडी दोन ठोकळ्यांवर ठेवा, पुढच्या आणि मागच्या टोकाला आडवी सरळ पट्टी ठेवा आणि मागे उभं राहून एका डोळ्याने बघा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसायला हव्यात. नसतील तर होडी पिळलेली आहे, आणि आत्ता ठोकळ्याखाली पाचर सारून दोन मिनिटांत सरळ होईल, इपॉक्सी भरल्यानंतर कधीच होणार नाही आणि आयुष्यभर एका बाजूला ओढत राहील. दोन्ही कर्णही टेपने मोजा.

मग दोन टाक्यांच्या मधे मधे घट्ट इपॉक्सीचे ठिपके द्या, दुसऱ्या दिवशी तारा काढा (अडकलेली तार सोल्डरिंग गनने गरम केली की निघते) आणि मग सलग कोपरा भरा. भरायचं मिश्रण म्हणजे इपॉक्सी नीट ढवळून झाल्यावर त्यात बारीक चाळलेली लाकडाची पूड आणि थोडी कोलॉइडल सिलिका (घट्टपणा आणणारी हलकी पांढरी पूड), इतकी की चक्क्याच्या श्रीखंडासारखं घट्ट व्हावं, चमचा उलटा केला तरी पडू नये. प्लायच्या गोल कापलेल्या तुकड्याने ओढून 20-25 मिली त्रिज्येचा गोलवा द्या. हा मऊ असतानाच त्यावर 75 ते 100 मिली रुंद फायबरग्लास टेप बसवली तर दोन्ही एकजीव होतात आणि पॉलिश पेपरची मेहनतही वाचते. बाहेरून कडा पाच-सहा मिलीने गोल करा, धारदार कोपऱ्यावर कापड बसत नाही, उचलून हवा धरतं.

कापड कुठलं?

विणलेलं फायबरग्लासचं, 200 जीएसएमच्या (चौरस मीटरला 200 ग्रॅम) आसपासचं. फायबरवाल्याकडची ती विस्कटलेल्या धाग्यांची चॉप्ड मॅट घेऊ नका, तिचा बांधणारा चिक पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळावा म्हणून केलेला असतो, इपॉक्सीत तो विरघळत नाही आणि मॅट कडकच राहते. कापड कोरडं अंथरा, हाताने सुरकुत्या काढा, मधोमध इपॉक्सी ओता आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडे ढकला. कापड पारदर्शक झालं म्हणजे भिजलं. पांढरं दिसतंय तिथे कोरडं आहे, चमकतंय तिथे जास्त झालंय, ते ओढून काढा. कापडाच्या वजनाएवढं इपॉक्सी पुरतं, वर लाकूड पिईल ते वेगळं. थर चामड्यासारखा झाला की लोंबणारं कापड ब्लेडने कापा, तेव्हा लोण्यातून जाते तशी ब्लेड जाते असं नाही पण दुसऱ्या दिवशी ग्राइंडर लागेल त्यापेक्षा कितीतरी सोपं. विणीचे खळगे भरायला पुढचे दोन हात त्याच दिवशी, आधीचा थर जरासा चिकट असतानाच द्या. आठ फुटी होडीला सगळं मिळून 6 ते 8 किलो इपॉक्सी धरून चला.

एवढं करूनही होडी कुजली तर चूक कुठे असते?

जवळजवळ नेहमी स्क्रूच्या भोकात किंवा प्लायच्या कडेला. मोठ्या सपाट भागावरून पाणी आत जातच नाही. वल्हं अडकवायचं रोलॉक बसवताना, दोरीचा कडा बसवताना, ड्रेन प्लग लावताना शेवटच्या दिवशी उत्साहात ड्रिल मारलं जातं आणि स्क्रू थेट कोऱ्या लाकडात जातो. मग त्या एका भोकातून पाणी प्लायच्या थरांत शिरतं आणि बाहेर निघायला वाट नाही, कारण बाकी सगळं तुम्हीच बंद केलंय. म्हणून प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, घट्ट इपॉक्सीने भरायचं, सुकल्यावर त्याच्या मधोमध स्क्रूचं भोक. प्रत्येक उघडी कड तीन हात इपॉक्सी पिऊ द्यायची, कारण लाकडाचं टोक सपाटीपेक्षा खूप जास्त शोषतं. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण होडी पाच वर्षं चालणार की पंचवीस, ते इथेच ठरतं, आणि म्हणून हे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नका.

काठाच्या पट्टीला साग वापरत असाल तर चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसा, सागात तेल असतं.

तब्येतीला त्रास?

होऊ शकतो, आणि इथे हलगर्जीपणा नको. इपॉक्सी सतत कातडीला लागलं की अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की जन्मभराची, पुन्हा इपॉक्सीजवळ जाता येत नाही. नायट्राइलचे हातमोजे दर वेळी नवे. हाताला लागलंच तर थिनर-अ‍ॅसिटोन अजिबात नको, त्याने ते कातडीत अजून आत जातं. कागदाने पुसा, व्हिनेगर लावा, मग साबण. पॉलिश पेपर मारताना एन 95 मास्क आणि पूर्ण बाही, आणि पूर्ण सुकायच्या आत, म्हणजे साधारण आठवड्याच्या आत, कोरडं घासू नका, ती अर्धवट सुकलेली धूळ सगळ्यात वाईट. घरात लहान मूल असेल तर बेडरूमच्या बाल्कनीत हे काम नकोच.

रंग दिलाच पाहिजे का? लाकूड दिसायला हवंय.

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, पिवळं पडून भुकटी होते. लाकूड दाखवायचंय तर यूव्हीवालं मरीन व्हार्निश चार-पाच हात आणि दरवर्षी पुन्हा. नाहीतर टू-पॅक पीयू पेंट (दोन डबे मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग), फिका रंग. काळा-निळा उन्हात फार तापतो. आणि गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी (पुट्टी) पाण्याखालच्या भागावर भरू नका, ती पाणी पिते.

फ्लॅटमध्ये बांधली तर बाहेर कशी काढू?

हे आधी मोजा. होडीची रुंदी चार फूट, दरवाजा तीन फूट, पण आडवी धरली की तिची खोलीच मोजायची असते, ती दीड-दोन फूट. खरा अडथळा जिन्याचं वळण. पुठ्ठ्याचा त्याच मापाचा खोका करून फिरवून बघा.

उलटली तर बुडेल का?

लाकूड तरंगतं, पण पाण्याने भरलेली होडी माणसांचं वजन पेलत नाही. म्हणून पुढच्या आणि मागच्या बाकाखाली हवाबंद कप्पे हवेतच. एक लिटर हवा ढोबळमानाने एक किलो उचलते. कप्प्याला झाकण ठेवा, घरी आल्यावर उघडून आत वारा लागू द्या. आणि लाइफ जॅकेट अंगावर, बाकाखाली नाही. पोहता येणाऱ्यानेही. पावसाळ्यात समुद्रात नाही म्हणजे नाही, आपले कोळीबांधव नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात ते उगाच नव्हे.

आजोबांची जुनी फळ्यांची होडी आहे, तिच्यावर फायबर मारून घेऊ का?

मनापासून सांगतो, नको. फळ्यांची होडी पाण्यात फुगून घट्ट होते, किनाऱ्यावर आकसते, तिचं हे हलणं हाच तिचा स्वभाव आहे. वरून कडक कवच चढवलं की लाकूड आत हलतं, कवच सुटतं आणि मधे अडकलेल्या ओलाव्याने चांगला साग-फणससुद्धा जातो. तिला तिच्याच पद्धतीने, जाणत्या मेस्त्रीकडून कापूस-राळ भरून तेलपाणी करून घ्या. असे मेस्त्री अजून आहेत तोवर काम करून घ्या, आणि ते करत असताना शेजारी बसून बघा.

परवानगी लागते का?

पाणी कोणाच्या ताब्यात आहे त्यावर आहे. धरणाच्या जलाशयात उतरायचं तर आधी जलसंपदा विभागाच्या तिथल्या कार्यालयात विचारा, खाडी-समुद्रात मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात. इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट 2021 मध्ये बिनइंजिनाच्या होड्यांसाठीही स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा वल्ह्याची आहे म्हणून नियमच नाही असं समजू नका. इंजिन लावलं की नोंदणीचा विषय आलाच.

खडकावर घासली, कापड फाटलं. आता?

आधी गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या, सावलीत, आठवडा लागला तरी चालेल. नखाने दाबून बघा, लाकूड मऊ लागलं तर तेवढं खरवडून काढा. फाटलेल्या जागेभोवती चारी बाजूंनी पाचेक सेंटिमीटर रंग काढून, इपॉक्सीचा थर उतरता घासा. खड्डा घट्ट इपॉक्सीने भरा, वर कापडाचे दोन तुकडे, आधी छोटा मग मोठा, आणि वर हात. प्लायला आरपार भोक पडलं असेल तर आतून त्याच जाडीच्या प्लायचं ठिगळ चिकटवून मग बाहेरून हेच. रंगाचा थोडा डबा याच कामासाठी पहिल्यापासून बाजूला ठेवा, नंतर तीच छटा मिळत नाही.